रात्रीचे भिंग आणि दिवसाची दृष्टी



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आम्हांस एका शेतकरी गृहस्थांनी आणि त्यांच्या लेकीने नेमून दिला, असे म्हटले तरी चालेल. वसमतकडचे हे गृहस्थ हळद पिकवितात आणि गावाबाहेर आखाड्यावर राहतात. एका पावसाळ्यात ते आपल्या अकरा वर्षांच्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. मुलीला दोन वर्षांपूर्वी उणे एकचा चष्मा लागला होता. तो आता उणे अडीचवर गेला होता. तपासणी आटोपल्यावर गृहस्थ म्हणाले, “डॉक्टरसाहेब, रात्री डोळ्यात भिंग घालून झोपायचं, सकाळी काढून ठेवायचं, अन् मग दिवसभर चष्म्याबिगर दिसतंय म्हणतेत. हे खरं हाय का?”

आम्ही म्हणालो, “खरे आहे.”

बापाचा चेहरा उजळला. परंतु मुलगी इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “अन् रात्री? रात्रीपण तसंच दिसल का?”

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येईना. बापाने विचारले होते, दिसते की नाही. मुलीने विचारले होते, कसे दिसते. नेत्रविद्येतील फार मोठा भाग या दुसऱ्या प्रश्नात सामावलेला आहे. त्या दिवशी बाहेर रोग्यांची रांग होती, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपले. आज आपण सवडीने बसला आहात. तेव्हा ते उत्तर आज पुरतेपणी द्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. डोळ्याच्या अगदी पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याच्या मागे रंगीत बुबुळ, बुबुळाच्या मधोमध काळी बाहुली, बाहुलीच्या मागे नेत्रभिंग आणि सर्वांत मागे दृष्टिपटल. बाहुली ही वस्तू नव्हे, ते एक भोक आहे; उजेडात ते लहान होते, अंधारात मोठे. प्रकाशकिरण वळवून दृष्टिपटलावर एकत्र आणण्याचे काम नेत्रभिंग करते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्या कामाचा सुमारे दोन-तृतीयांश भार पारपटलच उचलते. म्हणून पारपटलाचा बाक रेसभर बदलला, तरी दृष्टीत मोठा फरक पडतो.

ज्यास लांबचे दिसत नाही, त्याचा डोळा बहुधा लांबीला थोडा अधिक वाढलेला असतो. किरण दृष्टिपटलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकत्र येतात आणि पुढे पुन्हा पसरतात. अशा माणसास किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसेल, याचा हिशेब सोपा आहे: एकास आपल्या नंबराने भागावे. नंबर उणे एक असेल तर एक मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. उणे अडीच असेल तर चाळीस सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे या मुलीचे चष्म्याविना स्पष्ट दिसणारे जग दोन वर्षांत मीटरभरावरून हातभराच्या आत आले होते. फळा त्याच्या पलीकडे, खो-खोचे मैदान त्याच्या पलीकडे, आणि आखाड्यावरून गावात जाणारा रस्ता तर कितीतरी पलीकडे.

आता आपण सर्वांनी एक लहानसा प्रयोग करावा, अशी विनंती आहे. आपल्या हातात व्याख्यानमालेची पत्रिका आहे. तिला टाचणीने एक बारीक भोक पाडा. ज्यांना लांबचा चष्मा आहे त्यांनी तो काढावा, एक डोळा मिटावा आणि दुसरा डोळा भोकाशी अगदी जवळ लावून व्यासपीठामागील फलकाकडे पाहावे. अक्षरे थोडी अंधुक, परंतु आधीपेक्षा रेखीव दिसतील. ज्यांना चाळीशी लागली आहे त्यांनी तसेच पत्रिकेवरचा बारीक मजकूर पाहावा. त्यांनाही तोच अनुभव येईल. यात जादू काही नाही. बारीक भोकातून मधले मोजके किरणच आत जातात, आणि मधल्या किरणांना डोळ्याचे दोष फारसे बाधत नाहीत. भोक मोठे झाले की कडेचे किरणही आत येतात आणि आपापले दोष बरोबर घेऊन येतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या टाचणीच्या भोकात आहे. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरांची असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. दुपारी झाकलेले दोष रात्री उघडे पडतात, ते याच कारणाने.

आता भिंगाकडे वळू. पारपटलाचा बाक कठीण स्पर्शभिंगाने, म्हणजे काँटॅक्ट लेन्सने, मुद्दाम बदलता येईल, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज जेसन यांनी १९६२ साली ती मांडली. पारपटलापेक्षा सपाट भिंग बसवावे, म्हणजे पारपटलही सपाट होईल, असा त्यांचा विचार होता. परंतु त्या काळची भिंगे प्राणवायू जाऊ न देणाऱ्या प्लॅस्टिकची असत. ती दिवसा घालावी लागत, डोळ्यावर सरकत, आणि परिणाम आज एक तर उद्या दुसरा. त्यामुळे ती विद्या पुष्कळ वर्षे मागे पडली. पुढे तीन गोष्टी जमून आल्या. प्राणवायू आरपार जाऊ देणारे कठीण भिंग तयार झाले. पारपटलाच्या चढउतारांचा नकाशा काढणारे यंत्र संगणकाच्या साह्याने मिळाले. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस भिंगाची घडणच बदलली: मध्यभाग सपाट ठेवून त्याच्या भोवतालचे कडे अधिक खोलगट करण्यात आले. त्यामुळे भिंग डोळ्यावर मधोमध बसू लागले. २००२ साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने असे एक भिंग रात्री झोपेत वापरण्यास मान्यता दिली. दिवसभर डोळ्यात काही नाही, रात्री मात्र भिंग, ही पद्धत तेव्हापासून सर्वत्र पसरली. तिला ऑर्थोकेराटॉलॉजी असे लांबलचक नाव आहे. बोलताना ‘ऑर्थो-के’ म्हणतात.

हे भिंग नेमके करते काय? भाकरी थापताना हाताच्या दाबाने मधला भाग पातळ होतो आणि पीठ कडेकडे सरकते, हे घरोघरच्या भगिनींस ठाऊक आहे. येथेही वरवर पाहता तसेच घडते. भेद असा की भिंग पारपटलावर प्रत्यक्ष टेकत नाही. दोहोंच्या मध्ये अश्रूंचा अत्यंत पातळ थर असतो. तो थर मध्यभागी फार पातळ आणि भोवतालच्या कड्याखाली जाड असल्यामुळे त्यात दाबाचा फरक उत्पन्न होतो: मध्ये रेटा, कडेला ओढ. पारपटलाच्या सर्वांत वरच्या पेशींचा जो थर असतो, तो या दाबाने रात्रभरात मध्यभागी पातळ आणि भोवताली थोडा जाड होतो. सकाळी भिंग काढले तरी हा आकार दिवसभर बराचसा टिकतो. संध्याकाळपर्यंत थोडा उतरतो, आणि रात्री भिंग पुन्हा त्यास वळणावर आणते. बराचसा फरक पहिल्या काही रात्रींतच पडतो आणि आठ-दहा दिवसांत तो स्थिरावतो. भिंग कायमचे थांबविले तर पारपटल काही दिवसांत किंवा आठवड्यांत मूळपदावर येते. तेव्हा यास चष्मा घालविणे म्हणू नये. चष्म्याला दिवसापुरती सुट्टी देणे म्हणावे.

आता थोडे गणित, आणि ते फार महत्त्वाचे आहे. पेशींचा हा वरचा थर केवढा जाड? सुमारे पन्नास मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केसही साधारणपणे या थराहून जाड असतो. एवढ्याशा जाडीतून आपल्याला काम काढून घ्यावयाचे आहे. किती जाडी खर्ची पडेल, याचे एक ढोबळ सूत्र आहे: जेवढ्या वर्तुळात दृष्टी सुधारावयाची त्याच्या व्यासाचा, मिलिमीटरांत, वर्ग करावा, त्यास नंबराने गुणावे आणि तिनाने भागावे. समजा, नंबर तीन आहे आणि वर्तुळ चार मिलिमीटरांचे हवे. चाराचा वर्ग सोळा. गुणिले तीन, भागिले तीन, म्हणजे सोळा मायक्रॉन. हे परवडण्याजोगे आहे. वर्तुळ पाच मिलिमीटरांचे केले तर पंचवीस मायक्रॉन, म्हणजे निम्मा थर संपला. सहा मिलिमीटरांचे केले तर छत्तीस मायक्रॉन. तेवढे देण्याची त्या थराची ऐपतच नाही.

घरच्या मिळकतीसारखेच हे आहे. मिळकत ठरलेली आहे; एकीकडे खर्च वाढविला की दुसरीकडे हात आखडावा लागतो. नंबर जितका मोठा, तितके सुधारलेले वर्तुळ लहान. म्हणूनच हे भिंग लहान आणि मध्यम नंबरांसच चांगले लागू पडते. साधारणतः उणे चारपर्यंत परिणाम भरवशाचा असतो. उणे सहापर्यंत वापर करतात, परंतु तेथे वर्तुळ आवळत जाते.

हे वर्तुळ आणि बाहुली एकमेकांशेजारी ठेवून पाहा. दुपारी बाहुली तीन मिलिमीटरांची. ती चार मिलिमीटरांच्या वर्तुळात आरामात मावते. आत येणारा सर्व प्रकाश सुधारलेल्या भागातून येतो, आणि मुलीला फळा स्वच्छ दिसतो. रात्री बाहुली सहा मिलिमीटरांची झाली. सहाचा वर्ग छत्तीस, चाराचा वर्ग सोळा. म्हणजे छत्तीसांतील सोळा हिस्से प्रकाश सुधारलेल्या भागातून आणि वीस हिस्से त्याच्या बाहेरून आला. कडेच्या किरणांचा ठसा दृष्टिपटलावर मधल्या किरणांइतका उमटत नाही, हे खरे. तरीही निम्म्याहून अधिक प्रकाश वाट चुकून आला, हे विसरता येत नाही. या चुकार प्रकाशाचे दिव्याभोवती वलय होते. चंद्राला खळे पडते ना, तसे रस्त्यावरच्या दिव्याला आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याला खळे पडते. भिंग झोपेत जरा बाजूस सरकून बसले असेल, तर खळेही एकसारखे न पडता एका बाजूस शेपटीसारखे ओढलेले दिसते.

आपण म्हणाल, दवाखान्यात तर त्याच डोळ्यास सहा-सहांश दृष्टी मिळते. मिळते, आणि येथेच गफलत होते. दवाखान्यातील अक्षरांचा तक्ता नेदरलँड्सचे डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. पांढऱ्या पाठीवर काळी ठसठशीत अक्षरे, भरपूर उजेड आणि लहान झालेली बाहुली: ती दुपारची परीक्षा आहे. आयुष्य मात्र सगळे काळ्यापांढऱ्यात नसते. पुसट फळ्यावरचा खडू, पेन्सिलीने काढलेली रेघ, तिन्हीसांजेला बांधावरचा साप, रात्री डांबरी रस्त्यावर बसलेली काळी म्हैस, अशा जागी रंगछटेतील बारीक फरक ओळखता यावा लागतो. या गुणाची परीक्षा वेगळी आहे. तिच्यासाठी अक्षरे आकाराने तेवढीच ठेवून क्रमाक्रमाने फिकी करीत नेलेला तक्ता वापरतात. पेली आणि रॉबसन यांचा असा तक्ता १९८८ सालापासून प्रचारात आहे.

रात्रीच्या भिंगाची अशी परीक्षा झालेली आहे. २००५ साली अमेरिकेत बर्न्टसेन, बार आणि मिचेल यांनी, आणि २००७ साली जपानमध्ये हिराओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. निष्कर्षांचा सारांश असा, की ठसठशीत अक्षरे वाचण्याची शक्ती जवळजवळ अबाधित राहते; फिकी अक्षरे वाचण्याची शक्ती मात्र काहीशी कमी होते. डोळ्यातील किरणांची जी विस्कट चष्म्याने निघत नाही, ती वाढते, आणि जितका नंबर अधिक सुधारावा तितकी ती वाढते. बहुतेकांस ही उणीव सहन होते आणि काही आठवड्यांत तिची सवय होते. परंतु सवय होणे आणि उणीव नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या जिल्ह्यास या सूक्ष्मतेचे अप्रूप वाटू नये. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि त्यांत चाळीस-चाळीस किलोंचे आरसे, अशी अमेरिकेतील लायगोची रचना आहे, आणि तिच्याच धर्तीवर आपली व्हावयाची आहे. त्या आरशांचा बाक बिघडू नये म्हणून त्यांभोवती उष्णता देणारे कडे बसवितात आणि किंचित तापवून बाक हवा तसा करून घेतात. पृष्ठभागाचा बाक अणुरेणूइतका बदलला तरी प्रकाशाची शिस्त बदलते, हेच तत्त्व तेथे आणि हेच तत्त्व या अकरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात. फरक इतकाच की आरशास तक्रार करता येत नाही, आणि मुलीस येते. ती ऐकून घेतली पाहिजे.

मग, इतकी उणीव असताना हे भिंग मुलांना द्यावेच कशाला? चष्मा काय वाईट आहे? चष्मा मुळीच वाईट नाही. परंतु चष्मा दृष्टी सुधारतो, डोळ्याची वाढ रोखीत नाही. साध्या चष्म्यातून पाहणाऱ्या वाढत्या मुलाचा डोळा लांबतच जातो. मिलिमीटरभर लांबला की नंबर सुमारे अडीच-तीनने वाढतो. नंबर फार वाढला की प्रश्न जाड काचांपुरता राहत नाही. पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, त्याचा मध्यबिंदू झिजणे असे आजार संभवतात, आणि ती दृष्टी कोणत्याही चष्म्याने परत येत नाही. येथे रात्रीच्या भिंगाचा दुसरा गुण पुढे येतो. हाँगकाँगमध्ये पॉलिन चो आणि त्यांच्या सहकारी च्युंग यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर दोन वर्षे प्रयोग करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चष्मा वापरणाऱ्या मुलांचा डोळा दोन वर्षांत सरासरी ०.६३ मिलिमीटर लांबला. रात्रीचे भिंग वापरणाऱ्यांचा ०.३६ मिलिमीटर. म्हणजे वाढ ४३ टक्क्यांनी कमी.

असे का होते? अधिक मान्य असलेले मत असे, की डोळा आपली लांबी ठरविताना कडेच्या किरणांचाही कानोसा घेतो. भिंगाने मध्यभाग सपाट आणि भोवतालचे कडे उंच झाल्यामुळे कडेचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळतात, आणि त्यामुळे डोळ्यास ‘पुरे, आता वाढू नको’ अशी सूचना मिळते. श्रोतेहो, यातील गंमत आपल्या ध्यानात आली असेलच. जे कडे रात्री दिव्याला खळे पाडते, तेच कडे डोळ्याची वाढ आवरते. गुण आणि दोष ही एकाच आकाराची दोन कामे आहेत. वर्तुळ रुंद करून खळे घालवावे तर वाढ आवरण्याचा गुण कमी होण्याचा संभव. वर्तुळ लहान करून वाढ आवरावी तर रात्रीची दृष्टी अधिक मळणार. कारखानदारांनी कितीही सुंदर पुस्तिका छापल्या, तरी ही देवघेव टळत नाही. ज्याला वाढता डोळा नाही, अशा तिशीतल्या माणसास यातला एक लाभ मिळतच नाही. त्याला सोय तेवढी मिळते आणि खळे मिळते. त्याने आपला हिशेब निराळा मांडावा.

आता सर्वांत गंभीर भाग. झोपेत डोळा मिटलेला असतो. अश्रू वाहत नाहीत, हवा लागत नाही, आणि वर भिंग. अशा वेळी जंतू शिरला तर त्यास आयते रान मिळते. पारपटलावर व्रण होतो, आणि तो भरून आला तरी मागे पांढरा डाग राहतो. आपण त्यास डोळ्यात फूल पडणे म्हणतो. २००१ च्या सुमारास चीनमध्ये आणि पूर्व आशियात नीट देखरेखीवाचून ही भिंगे वाटली गेली, आणि अनेक मुलांच्या डोळ्यांत असे व्रण झाले. त्यांतील कित्येकांचे कारण साध्या नळाच्या पाण्यात राहणारा अकँथअमीबा नावाचा जीव होता. पुढे अमेरिकेत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा, की दहा हजार मुलांनी वर्षभर ही भिंगे वापरली तर सुमारे चौदा मुलांस व्रण होईल. पाहणीतील रोग्यांची संख्या थोडी असल्याने हा आकडा ढोबळ समजावा. धोका मोठा नाही. परंतु ज्याच्या घरी तो येतो, त्याच्या घरी तो पूर्णच येतो.

म्हणून नियम कडक आहेत. भिंगास किंवा त्याच्या डबीस नळाचे, विहिरीचे, हापशाचे, कोणतेच पाणी लावावयाचे नाही. उकळून गार केलेले पाणीही नको. दुकानातून आणलेले निर्जंतुक द्रावणच वापरावयाचे. हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने पूर्ण कोरडे करावयाचे. हळद काढून, कापूस वेचून किंवा सोयाबीनची रास करून आलेल्या हाताने भिंगास शिवावयाचे नाही. थुंकी लावणे तर नाहीच नाही. डबी वरचेवर बदलावयाची. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर त्या रात्री भिंग घालावयाचे नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावयाचा. ‘उद्या बघू’ हे दोन शब्द येथे डोळ्याच्या मोलाचे आहेत. आणखी एक अडचण पुष्कळांस आधी सांगितली जात नाही. लग्नकार्यात जागरण झाले, एक रात्र भिंग घातले नाही, तर दुसऱ्या दिवशी थोडा नंबर परत येतो. जुना चष्मा तेव्हा जास्त होतो आणि बिनचष्म्याने कमी दिसते. शाळेची परीक्षा आणि घरचे लग्न एकाच आठवड्यात आले, तर याचा विचार आधी केलेला बरा.

येथे तरुणांसाठीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, आणि पहाटे रस्त्यांवर भरतीसाठी धावणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांतील काहीजण आम्हांस एकान्तात विचारतात, “तपासणीपुरते हे भिंग घालून चष्मा लपविता येईल का?” त्यांस आम्ही दोन गोष्टी सांगतो. पहिली ही, की नंबर लपविणे म्हणजे अर्जात खोटे लिहिण्यासारखेच आहे. दुसरी अशी, की पारपटलाचा नकाशा काढणाऱ्या यंत्रास हे वर्तुळ तत्काळ दिसते. आणि समजा, कोणास दिसले नाही. तरी नोकरी लागल्यावर गस्त रात्रीच घालावयाची आहे. या भिंगाची दृष्टी जेथे सर्वांत उणी पडते, नेमक्या त्याच वेळी तिच्यावर स्वतःचा आणि सोबत्याचा जीव सोपवावयाचा आहे. हा सौदा बरा नव्हे.

आता त्या मुलीकडे परत येऊ. आमचे बोलणे संपल्यावर बापाने विचारले, “तुमची पोरगी असती तर तुम्ही काय केलं असतं?” हा प्रश्न डॉक्टरास टाळता येत नाही आणि टाळूही नये. आम्ही म्हणालो, आधी चष्मा नीट नंबराचा करावा, आणि तो लावण्यात मुलीच्या जातीला काही कमीपणा आहे हे मनातून काढावे. मुलगी रोज दोन तास उजेडात, अंगणात किंवा मैदानात खेळेल असे पाहावे. तैवानने २०१० पासून शाळांतून हाच उपाय धरला आहे. सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी पुन्हा मोजावी. वाढ चालूच राहिली, तर तीन मार्ग आहेत: रात्रीचे भिंग, अत्यल्प मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब, किंवा वाढ आवरण्यासाठी बनविलेला खास काचांचा चष्मा. भिंग निवडावयाचे तर तीन अटी. पारपटलाचा नकाशा काढण्याची सोय असेल तेथेच ते बसवून घ्यावे आणि तेथे वरचेवर जाण्याची तयारी असावी. पाच आकडी खर्च एकदाच करून भागत नाही, भिंग ठरावीक काळाने बदलावे लागते. तो पेलला पाहिजे. आणि हात धुण्याची शिस्त मुलीच्या स्वतःच्या अंगी हवी, आईने रोज ओरडून लावलेली नको. शिवाय आरंभ केला तर मध्येच सोडू नये. चौदा वर्षांच्या आत थांबविल्यास डोळा पुन्हा भराभर वाढू लागतो, असे हाँगकाँगच्याच पाहणीत आढळले आहे.

ते गृहस्थ दिवाळीत आले नाहीत, हळद निघाल्यावर आले. मोजणीत लांबी वाढलेलीच होती. मुलीने मात्र मधल्या काळात हात धुण्याची सवय इतकी लावून घेतली होती की आमच्यासमोर तिने नळ कोपराने बंद करून दाखविला. त्यांनी भिंगाचा मार्ग पत्करला. महिन्याभराने ती दाखवावयास आली, तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली. आम्ही विचारले, “रात्री कसे दिसते?” ती म्हणाली, “आखाड्यावरच्या दिव्याला खळं पडतंय. पण तुम्ही आधीच सांगितलं होतं, म्हणून भ्याले नाही. अंधारात बाबा बॅटरी घेऊन संग येतेत.”

तिला फिकट अक्षरांचा तक्ताही आम्ही वाचावयास लावला. शेवटच्या तीन अक्षरांपाशी ती अडखळली. पूर्वी चष्म्याने ती अक्षरे तिने वाचली होती. तो आकडा आम्ही तिच्या कागदावर नोंदविला आणि बापासही दाखविला. तिच्या वर्गात पुढे बसण्याची सोय असावी, तिन्हीसांजेनंतर सायकल चालविताना सावध असावे, आणि अभ्यासाचा दिवा चांगला लख्ख असावा, एवढे सांगून आम्ही तिला निरोप दिला.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा प्रश्न आज ना उद्या येईल. तेव्हा दुकानदारास किंवा डॉक्टरास ‘दिसेल का?’ एवढेच विचारून थांबू नका. कोणत्या वेळी, किती उजेडात, कशा वस्तू आणि काय गमावून दिसेल, हेही विचारा. आणि ज्या मुलाच्या डोळ्यात भिंग जावयाचे, त्याच्यासमोर विचारा.